पदावरची रिकामी जागा

७ जाने., रविवार. सांगली.
सायंकाळी मंडळाच्या खोलीत सर्वांनी मिळून टीव्हीवर रंगनाथबुवांवरचा माहितीपट पाहिला. बुवांनी संगीत नाटकांना चाली दिल्या. त्यांच्याच नावाने आमचे मंडळ. तासाभरात निवेदक नाही, रंगमंच नाही, बुवांचे एकही छायाचित्र नाही. त्यांची पदे गुणगुणणारी माणसे तेवढी: ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला, कराड स्टँडवरचा कंट्रोलर, एक नर्स. शेवटी कुंडलच्या हौसाबाई, लसूण सोलत. चाल बुवांच्या सर्वांत गाजलेल्या पदाची, शब्द पाळण्याचे. "माझ्या आईचं हाय ह्ये. पेटीवालं बुवा ओसरीवर बसून ऐकायचं."
अध्यक्ष बापू मगदूम ताडकन उठले. "बंद करा रं ते!" कोणी केले नाही.

८ जाने.
बैठक. दोन तट.
बापू : "बुवांना चोर ठरवलं की गड्या!"
शोभाताई (मंडळातल्या गायिका) : "मला लय आवडलं. बुवा पहिल्यांदा जिवंत वाटले."
"फोटो न्हाई, हार न्हाई, आन् जिवंत?"
"हार घातल्यावर कोण जिवंत वाटतंय, बापू?"
हशा. बापू सोडून.
ठराव : वाहिनीला निषेधपत्र. मसुदा मी करायचा. पुरावा म्हणून मंडळाने पुन्हा छापलेले नाटकाचे पुस्तक जोडायचे. पद कोणत्या चालीवर बेतले ते पदाच्या वर छापण्याची जुनी रीत; या पदावर छापले आहे, 'चाल : स्वतंत्र'.
पहिल्या आवृत्तीत हा शब्द नव्हता, असे तेव्हापासून आठवते आहे.

९ जाने.
कपाटातून पहिली आवृत्ती काढली. स्मरण चुकीचे नव्हते. इतर प्रत्येक पदावर चाल दिली आहे. या एकावर कोरी जागा. पुनर्मुद्रणाची मुद्रिते (प्रुफे) मी तपासली होती. कोरी जागा मला छपाईतली चूक वाटली. 'स्वतंत्र' हा शब्द माझा. कोणासही विचारले नव्हते.
सौ. : "एक शब्द तर आहे. इतकं काय?"
त्या एका शब्दावर एक म्हातारी खोटी ठरणार आहे.

१२ जाने.
मसुदा तीनदा. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत नीट जातो. पुढे पुरावा येतो आणि…

१३ जाने.
सकाळच्या बसने कुंडल. हौसाबाई अंगणात.
"तुमी टीव्हीवालं?"
"नाही. बुवांच्या मंडळाचा."
"मग भांडायला आलायसा व्हय? बसा तर. च्या घेऊन भांडा."
बुवांनी चाल चोरली, असे त्यांचे म्हणणे आहे का, हे स्पष्ट विचारले.
"आवं, चोरली कुठं? आईनंच दिली की. पुस्तकात तुजं नाव घालतो म्हनलं हुतं. आमाला कुठं वाचाया येतंय? घातलं का वो त्येनी?"
म्हणालो, "जागा ठेवली होती."
ती त्यासाठीच होती, हे मला सिद्ध करता येणार नाही. ती मी भरली, एवढे मात्र निश्चित.
आईचे नाव विचारले. तानूबाई. चहा अर्धा राहिला.

१५ जाने.
बापूंना फोनवर सर्व सांगितले. ते म्हणाले, "तुमी बोलला न्हाई, मी ऐकलं न्हाई. रविवारी मसुदा आना." मंडळात मला त्यांनीच आणले, पेटीवर सूर धरायलाही त्यांनीच शिकवले.

२१ जाने., रविवार.
बैठक. मसुद्याऐवजी अर्ध्या पानाचे निवेदन नेले : 'स्वतंत्र' हा शब्द बुवांचा नसून माझा आहे. बापूंनी कागद घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "मसुदा झालेला न्हाई. फुडचं बगू."
शोभाताई : "कागदात काय हाय? तोंडी सांगा की."
सांगितले. तानूबाईंच्या नावासह, उभे राहून.
बापू पेटीच्या झाकणावर बोटे आपटत राहिले. मग, माझ्याकडे न पाहता : "म्हातारी म्हनती म्हनून? उद्या धा जणी येतील."
पत्र जाणार की नाही, ठरले नाही. नेहमीसारखी गाण्याला पेटी उघडली गेली नाही. जिन्यात शोभाताईंनी गाठले आणि कुंडलची बस किती वाजता सुटते, ते विचारले. मागून बापू उतरत होते. तेही उत्तरासाठी थांबले.