पेन्सिलीने भरलेला फॉर्म

२१ सप्टेंबर १९९६, शनिवार
बारामतीला गेलो. मी, दादा, आबा. एजंट दोशीशेठच्या दुकानापुढे नमुन्याची पांढरी व्हॅन उभी होती. आबांनी आधी तिच्या बगलेवर थाप मारली, मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि पोट पाहिले. मेंढा घेताना पाहायचे तसेच. म्हणाले, "पोट लई खाली हाय. वस्तीच्या वढ्यात घासंल." दोशीशेठ हसले. मी हसलो नाही. माझ्या वहीत तेच लिहिलेले होते.

गाडी एकच, पण वरचे सामान दोन तऱ्हांचे. छापील फॉर्म दिला.
पॅकेज अ, फॅमिली: कापडी सीट, खिडक्यांना पडदे, टेप व दोन स्पीकर, काळसर काचा, चाकांना चकचकीत टोप्या.
पॅकेज ब, प्रवासी: मागे समोरासमोर बाकडी, रेक्झिन, टपावर कॅरिअर, शिडी, चाकांवर स्प्रिंगचे जाड पाटे.
एकाच चौकोनात खूण करायची. अ ला पासिंग खाजगी, ब ला प्रवासी. एकदा वर कळवले की बदल नाही.

ब घ्यायचे हे ठरलेलेच आहे. जूनमध्ये मेंढरे विकली तेव्हा आबा मामांच्या देखत माझ्याकडे बोट करून बोलले, "मेंढरं पोपटनं राखली. आता गाडी बी त्योच चालवंल. त्येचं पोट त्येच्यावर."

२३ सप्टें., सोमवार
सकाळी इंदापूर स्टँड. सात ते नऊ उभा राहिलो. दोन एसट्या भरून गेल्या, आमच्या बाजूची माणसे मागेच राहिली. त्यात कॉलेजच्या मुली, एक दवाखान्याची म्हातारी, करडू घेतलेला एक जण. म्हातारीने विचारले, "तुजी जीप हाय का रं?" म्हटले, दिवाळीनंतर.

घरी येऊन ओट्यावर खडूने आखले. समोरासमोर बाकड्यांत गुडघे भिडतात का ते पाहिले. भिडतात. पण बसता येते.

२६ सप्टें., गुरुवार
जेवताना दादा म्हणाला, "अ घेऊ या."
मला वाटले चेष्टा करतोय. भाकरी मोडत राहिलो.
"कारखान्यात सायेब लोकांत उठबस हाय माझी. उद्या शिटा भरणाऱ्या वडापवाल्याचा भाऊ म्हणून वळखायचं का मला?"
मी म्हणालो, मग मी काय करू?
"तूच चालवायची की. आमाला कुठं जायचं आसंल तवा. बाकीच्या दिवशी धुऊन ठिवायची."
आबा ताटातच बघत होते.

२८ सप्टें., शनिवार
आज पितृपंधरवडा लागला. दादाला आजच बुकिंग करायचे होते. त्याने फॉर्म काढला आणि पेन उघडले, तेव्हा आबांनी हात आडवा धरला. "पितरांच्या दिसांत कागदाला शाई लावायची न्हाय. घट बसू द्या."
दादा म्हणाला, "आबा, जग कुठं चाललंय."
"जाऊ दे. आपली पितरं हितंच हायती."
मग तोड निघाली. आत्ता पेन्सिलीने भरायचा, घटस्थापनेनंतर त्यावरून शाई फिरवायची. भरायला मी. दादा कारखान्यात टाइमकीपर आहे, बी. कॉम. झाला आहे, पण त्याचे अक्षर त्यालाच लागत नाही. माझे चांगले आहे. आठवीतून काढले तेव्हा गुरुजी आबांना तेवढेच म्हणाले होते, अक्षर वाया जाईल.
दादा सांगत गेला, मी लिहीत गेलो. नाव दादाचे. पत्ता. रंग पांढरा. वापर हा रकाना कंपनीच्या माणसाने नंतर भरायचा आहे. पॅकेजपाशी आल्यावर दादा म्हणाला, "अ." मी थांबलो. तो पुन्हा म्हणाला, "अ. लिव."
केली खूण. चौकोनाच्या बाहेर रेघ जाऊ दिली नाही.
फॉर्म कपाटात.

३ ऑक्टो., गुरुवार
वहिनी माहेरी पिंपळीला जाऊन आल्या. त्यांच्या भावाची मोटार आहे, डाळिंबावर घेतलेली. चहा देताना म्हणाल्या, "भावजी, आमच्या भाऊंचा ड्रायव्हर पांढरी टोपी घालतो. तुम्हाला पण एक शिवू या."
मी म्हणालो, डोक्याचे माप देऊ का.
"अगंबाई, राग आला वाटतं."
राग नाही आला. माप खरेच पाठ आहे. लायसनचा फोटो काढायला गेलो तेव्हा टोपी विकत घेऊन परत केली होती.

६ ऑक्टो., रविवार
आज मनाशी नीट मांडून पाहिले. आमच्यात मेंढरे राखणाऱ्याला वर्षाला एक कोकरू स्वतःचे मिळते. त्याच्या डाव्या कानाला माझी खूण, दोन चिरा. पहिल्या वर्षीची मेंढी व्यायली, तिची पिल्लेही माझीच. अकरा वर्षे मी राखली. दादा तेव्हा बारामतीत खोली घेऊन शिकत होता. जूनमध्ये सगळी एकाच टेम्पोत चढवली. दोन चिरांची वेगळी काढा असे कोणी म्हटले नाही. मीही नाही. गाडी येणार होती.

संध्याकाळी आबांना गोठ्यात गाठले. म्हटले, आबा, मामांच्या देखत तुम्ही बोलला होता.
"बोललो हुतो."
मग?
म्हणाले, "तुजी वैनी म्हनली, पडद्याच्या गाडीतनं मोरगावला न्हेऊ गणपतीला. पाय लांब करून बसा म्हनली." पुढे, "त्यो थोरला हाय, पोपट. मला दोघांच्या मदी नगं घालू."
मी मध्ये घालत नव्हतो. ते आधीपासूनच

(अर्धवट राहिले. वैरण टाकायला हाक मारली.)

९ ऑक्टो., बुधवार
स्टँडवर ती म्हातारी पुन्हा भेटली. "आली का गाडी?" म्हटले, यायची आहे. कोणती, ते ती विचारत नाही. तिच्या दृष्टीने गाडी म्हणजे बसायला जागा.
दादाने टेपसाठी कॅसेटी आणून ठेवल्या आहेत. घरात टेप नाही.

१२ ऑक्टो., शनिवार. सर्वपित्री
घास ठेवायला आबा छपरावर. कावळा लवकर शिवेना. दादा खालून म्हणाला, "कुणाची इच्छा राह्यलीया काय म्हाईत." सगळे हसले.
दुपारी सगळे पडले होते. कपाट उघडले. फक्त पाहायला. मग खोडरबर आणले. आधी अ वरची खूण हलकेच पुसली, मग जोरात. कागद थोडा उचकटला. चौकोन कोरा दिसतो, पण बोट फिरवले की कळते. ब मध्ये काही केले नाही. फॉर्म होता तसा ठेवला.
हे पानही खोडून टाकायला हवे.

१३ ऑक्टो., रविवार
घट बसले. सकाळी दादाची ड्यूटी, घाईत होता. फॉर्म मागितला. मी दिला. त्याने उलटून शेवटच्या पानावर सही केली, वर पाहिलेसुद्धा नाही. "उद्या बारामतीला जा. समद्यावरनं शाई फिरव आन् शेटला दे. तुझं अक्षर चांगलं हाय." सायकल काढून गेला.
माझ्यावर भरवसा ठेवला की मला मोजलेच नाही, हे अजून ठरत नाही.

मी ओट्यावर बसून शाई फिरवू लागलो. नाव, पत्ता, रंग. आबा शेजारी येऊन बसले. त्यांना वाचता येत नाही. सहज कागदावरून अंगठा फिरवला, आणि त्या चौकोनापाशी थांबला.
"हितं काय खरवडलंय?"
मी पेनला टोपण लावले.
"मेंढरांच्या बाजारात एकानं माझी मेंढी चोरली हुती. माझी खूण कापून त्येची पाडलेली. पर कान दुसऱ्यांदा कापला की कड जाड हुती. हात लावला की कळतं." परत अंगठा फिरवला. "थोरल्याला ठावं हाय?"
नाही.
"सही झाली त्येची?"
हो.
घटाकडे तोंड वळवले. मग म्हणाले, "ह्या डब्यात शाई कोन लावनार?"
मी.
"बरं." आणि उठून मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडे गेले. तिकडे आता काहीच काम नसते.
त्यांनी कर म्हटले, की करू नको म्हटले? अख्ख्या आयुष्यात त्यांनी मला एवढे मोकळे कधी सोडले नव्हते, आणि ते असे.

१४ ऑक्टो., सोमवार. बारामती स्टँड
पहिल्या एसटीने आलो. उभ्याने. इंदापुरात ती म्हातारी चढू शकली नाही, खिडकीतून दिसली. तिला मी दिसलो की नाही माहीत नाही.
दोशीशेठचे दुकान साडेदहाला उघडते. आता दहा वाजून पाच.
फॉर्म मांडीवर, खाली ही वही. नाव, पत्ता, रंग सगळे शाईत, सुबक. शेवटी दादाची सही, तीही शाईत. मध्ये दोन चौकोन. अ चा कागद पिंजलेला आहे, तिथे शाई फुटेल. ब चा गुळगुळीत आहे.
ब केले तर घरात काय होईल ते मला पाठ आहे. वहिनी काय म्हणतील, दादा काय म्हणेल, आबा कुठे बघतील. अ केले तर काय होईल तेही पाठ आहे, फक्त ते रोज होईल.
पेन दोनदा झटकून पाहिले. चालते आहे.
समोर शटर वर जाताना दिसतेय, आज लवकर.