दाराला हवी तेवढी माया

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोन करता आला असता हे खरं, पण फोनवर मला थापा फार सहज मारता येतात. लिहायला बसलं की ते जमत नाही, पेन मध्येच थांबतं. रविवारी तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, मेळाव्यासाठी कुठला हॉल घ्यायचा. आणि दुसरी, तुम्ही दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे येता, मग मी दोन वर्षांत तुमच्या घरी एकदाच का आले, तुझं काही चुकलं का. पहिल्या प्रश्नावर मी अर्धा तास बोलले आणि दुसऱ्यावर म्हटलं, दारात कोणीतरी आलंय, ठेवते. दारात कोणी नव्हतं. आता दोन्हींची उत्तरं देते, पण माझ्या क्रमाने, आणि मध्ये पानं उलटून शेवट वाचायचा नाही. तुझी ती सवय मला माहीत आहे.

खरं सांगू, तुम्ही लोक नेमकं काय करता हे मला पहिलं वर्षभर कळलंच नव्हतं. शेजारणींना मी सांगायचे, आमची सून संगणकावरून नगरपालिकेशी भांडते. फार चुकीचं सांगत नव्हते म्हणा. तुमच्या मेळाव्यात गल्लीतली माणसं आणि संगणकवाली माणसं दिवसभर एका टेबलाशी बसतात, नगरपालिकेकडे धूळ खात पडलेली माहिती बाहेर काढतात आणि त्यातून सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी करतात, हे तू मला माझ्याच स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता समजावलंस. रस्त्यावरचे बंद दिवे कळवायचं तुम्ही जे केलंत, त्यामुळे आमच्या कोपऱ्यावरचा दिवा सहा वर्षांनी लागला. तेव्हापासून मी तुमच्या बाजूची.

आणि गेल्या वर्षीचं ते. मेळाव्याचा विषय ठेवलात सगळ्यांना चालता येतील असे फुटपाथ, आणि हॉल घेतलात नऊ पायऱ्यांचा. आमच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे आपले घड्याळवाले इस्त्रीचा शर्ट घालून, चाकाची खुर्ची स्वतः ढकलत दीड किलोमीटर आले. पायऱ्यांकडे बघितलं आणि खुर्ची वळवली. तुमची दोन मुलं मागे धावली, उचलून नेतो म्हणाली. ते म्हणाले, मी पार्सल नाही. आणि गेले. त्या संध्याकाळी तू माझ्याकडे येऊन रडलीस, आणि मी काय केलं, तर चहा टाकला आणि म्हटलं, अगं होतं असं, माफी माग आणि विषय संपव. आता वाटतं, मी तेव्हा उगाच शहाणपणा केला. तू रडत होतीस तेच बरोबर होतं.

म्हणून या वेळी, कुठल्या जागी सगळ्यांना जाता येतं याचा नकाशा मेळाव्यात करायचं ठरल्यावर, तू म्हणालीस, आई, तुमचा टेप घेऊन हॉल बघून याल का, तेव्हा मी मनातून फुगले. एकतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवून ज्या टेपचे आकडे पुसले गेलेत, त्या टेपला नोकरी लागली. मला घराबाहेर काढायची ही तुझी युक्ती असणार हे कळलं होतं. पण कळूनही फसण्यात एक मजा असते.

घड्याळवाल्यांना बरोबर घ्यायचं ठरवलं. ते आधी तयारच होईनात. डोळ्याला भिंग लावून, माझ्याकडे न बघता म्हणाले, बाई, मला हॉल दाखवायला नेताय की हॉलला मला दाखवायला नेताय. मी म्हटलं, मला मापं घेता येतात, चुका काढता येत नाहीत, त्यासाठी तुम्ही हवेत. चुका काढायच्या म्हटल्यावर माणूस लगेच दुकान बंद करून निघाला.

त्याआधी मी अकरा हॉलना फोन केले होते. सगळीकडे सोय आहे, अकराच्या अकरा ठिकाणी. पायऱ्या आहेत का म्हटलं की, छे छे, पायऱ्या नाहीतच, फक्त दोन आहेत. उंबरठा फक्त एवढासा. स्वच्छतागृह आहे, फक्त वरच्या मजल्यावर. लिफ्ट आहे, फक्त सध्या सामानासाठी वापरतो. एक गृहस्थ तर म्हणाले, रॅम्प आहे, फक्त त्याच्या तोंडाशी पायरी आहे. माझ्या वहीत मी प्रत्येक हॉलपुढे किती 'फक्त' ते लिहीत गेले. अकरा हॉलमध्ये मिळून चौदा भरले. घड्याळवाल्यांना वही दाखवली तर इतके हसले की डोळ्याचं भिंग खाली पडलं. म्हणाले, आयुष्यभर मी या एका शब्दाला अडकून बाहेर थांबलोय.

त्यातले दोन बघितले, आणि तिसरी एक जागा यादीबाहेरची. पहिला तो संगमरवरी, तुझ्या दाढीवाल्या सहकाऱ्याच्या मनात भरलेला. दिसतो देखणा, नाकारत नाही. दाराशी तीन पायऱ्या, बाजूला उतार, पण तो इतका उभा की घड्याळवाले अर्ध्यावरून मागे घसरायला लागले आणि मी त्यांची खुर्ची धरली, म्हणजे खरं तर खुर्चीने मला धरलं. लिफ्टची किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी जेवायला. अपंगांसाठी म्हणून पाटी लावलेलं स्वच्छतागृह उघडलं तर आत झाडू, बादल्या आणि एकावर एक रचलेल्या चाळीस खुर्च्या. व्यवस्थापक म्हणाले, तसं कोणी येतच नाही हो. घड्याळवाले म्हणाले, मी आलोय. दाढीवाल्याला सांग, फोटो छान येतील, फक्त फोटोत सगळे येणार नाहीत.

दुसऱ्या हॉलमध्ये माझीच फजिती झाली आणि ती मला अजून सलते. पायरी एकही नाही. दार मोजलं, अठ्ठावीस इंच. खुर्ची मोजली, सव्वीस. मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं, बसतंय. घड्याळवाले आत गेले, आणि दोन्ही हातांची बोटं चौकटीला खरवडून निघाली. चाकं हातानेच फिरवायची असतात ना, ते हात कुठे जाणार याचा मी विचारच केला नव्हता. त्यांनी रुमाल काढला, एका हाताला गुंडाळला आणि दुसरा हात मांडीवर पुसला. ज्या बोटांनी तो माणूस तांदळाच्या कणाएवढे स्क्रू बसवतो ती बोटं. सूनबाई, मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कारण माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी हेच ओरडत आले, की अंगाबरोबर बेतू नका, शिवणीत माया सोडा, दोन बोटं कापड जास्तीचं ठेवा. माणूस श्वास घेतो, बसतो, वाकतो, वर्षभरात वाढतो. बरोब्बर मापाचा कपडा घालून उभं राहता येतं, जगता येत नाही. आणि मीच दाराला माया सोडायला विसरले. त्यानंतर जे काही मोजलं त्यात सहा इंच माया धरली. बोटांसाठी.

तिसरी जागा म्हणजे मी जिचे गणवेश शिवायचे त्या शाळेची जेवणाची खोली. मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती आपल्या कामाची असेल असं वाटलंच नव्हतं. भिंतींना पोपटी रंग, तोही ढलपे निघालेला, आणि कायमचा उकडलेल्या कोबीचा वास. पण रस्त्यापासून टेबलापर्यंत जमीन एका पातळीत. दार चाळीस इंच, कारण जेवणाची मोठी भांडी ढकलगाडीवरून आणतात. म्हणजे भांड्यांसाठी माया ठेवलीच होती बघ, माणसांना आयती मिळाली. पंखे फार खडखडतात, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना त्रास होईल, तेवढे तेल घालून घ्यावे लागतील. खुणांच्या भाषेत सांगणारी बाई उभी राहील तिथे खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर येईल, पाठीवर नाही, हे मी उभं राहून बघितलं. शेजारी एक लहान वर्ग रिकामा मिळेल, ज्याला गर्दीचा शीण येतो त्याला घटकाभर बसायला. अडचण एकच, स्वच्छतागृहाचं दार आत उघडायचं आणि खुर्ची आत गेली की लागायचं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्यासमोर सुताराला बोलावलं. त्याने बिजागऱ्या काढून दार बाहेर उघडणारं केलं, पाऊण तास लागला. एवढंसं काम, आणि ते दार वीस वर्षं तसंच होतं. तर हे माझं पहिलं उत्तर. शाळा घे. व्यासपीठ नाही, पण तुमच्यात भाषण ऐकण्यासारखं करतं तरी कोण.

आता परतीच्या वाटेवरचं सांगते. घड्याळवाले खुर्ची फार सावकाश ढकलत होते. मला वाटलं बोटं दुखत असतील. मग म्हणाले, बाई, एक विचारू का, राग मानू नका. टेप तुम्ही माझ्यासाठी लावत होता, पण प्रत्येक ठिकाणी टेप काढायच्या आधी कठडा कुठल्या बाजूला आहे ते बघत होता. त्या संगमरवरी तीन पायऱ्या तुम्ही दोन्ही हातांनी कठडा धरून, आडव्या उतरलात. किती दिवस झाले. मी म्हटलं, काही नाही हो, फक्त डावा गुडघा. आणि तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर आम्ही दोघंही थांबलो. ते हसले नाहीत. म्हणाले, पंधरावा.

तर सूनबाई, तुझं काहीही चुकलेलं नाही. तुमच्या घराला बहात्तर पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मी त्या चढले तेव्हा तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून बाहेर बघत मी बराच वेळ उभी होते आणि तू कौतुकाने म्हणालीस, आईंना आमच्याकडचा देखावा आवडला. देखावा कसला, समोर पाण्याची टाकी होती. मला पुढचा पाय उचलत नव्हता. उतरताना तर मी इतकी घाबरले की घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही. त्यानंतर मी तुला कुंड्यांना पाणी घालायचंय सांगितलं, मांजर आजारी आहे सांगितलं, शिवणाचं काम आलंय सांगितलं. मांजर चांगलं जाडजूड आहे. तू खिडकीशी माझ्यासाठी शिवणयंत्र आणून ठेवलंस, दर महिन्याला त्याला तेल घालतेस, हे मला माझ्या मुलाने सांगितलं तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. खरं सांगायला काय झालं होतं, असं तू म्हणशील. झालं होतं असं, की घर घेण्याआधी तुम्ही दोघांनी मला विचारलं होतं. लिफ्ट नाही आई, चालेल ना, म्हणून. तुझा चेहरा त्या खोल्यांतल्या उजेडाने असा फुललेला होता, आणि मी म्हटलं, फक्त चारच तर मजले. गुडघा तेव्हाही दुखत होता. म्हणजे त्या अकरा हॉलवाल्यांच्या आधीपासून हा शब्द वापरणारी मीच. आणि माझ्या त्या एका शब्दाने दोन वर्षं तुला वाटत राहिलं की सासूला तू नकोशी आहेस. मला तू फार हवी आहेस गं. माझ्या मुलापेक्षाही जरा जास्तच, पण हे त्याला वाचून दाखवू नकोस. आता माझं ऐक. घर विकायचं नाही, आणि मला उचलून न्यायचं नाव काढायचं नाही. प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेव, हाताची, पक्की. मी सकाळी निघेन, चार ठिकाणी बसेन आणि दुपारपर्यंत त्या शिवणयंत्राशी पोचेन. मग दोन-तीन दिवस राहीन, रोज ते उतरणं मला झेपणार नाही. आणि मेळाव्याला मी येणारच आहे, माझं टेबल घड्याळवाल्यांच्या शेजारी. त्या दिवशी तुमच्या नकाशावर सगळ्यांत आधी एक जागा माझ्या नावाने घाल. लिही, सुनेचं घर, पायऱ्या बहात्तर, कठडा एकाच बाजूला. आकड्याआधी 'फक्त' लिहू नकोस.

तुझीच,
माया सोडायला विसरलेली सासू