चिठ्ठीच्या पाठीवरचा आकडा

३ मार्च

चि. भिंगरी हिस,

अनेक आशीर्वाद. खुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही, तरी तुझा खोकला गेला का ते कळव.

आपल्या शिवणवर्गाच्या बाईंचं पत्र आलं. आपल्या पुस्तकांच्या दुकानाचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक, कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. पत्रही तसंच, म्हणून जास्त झोंबलं. त्यांच्या लेकीचं सातव्या महिन्यात मूल गेलं, हे तुला ठाऊक आहे. चार महिने ती पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून होती. बाईंनी तिच्यासाठी आपल्या पुढच्या टेबलावरून, बक्षीसवाल्या कादंबऱ्यांतून, ती नदीकाठच्या शाळेची कादंबरी उचलली. का, तर गिऱ्हाइकांसाठी आपण पुस्तकात ठेवतो त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘निवांत, हसरी, दुखणेकऱ्याला आवर्जून द्यावी.’ पोरगी वाचायला लागली, एकदा खुदकन हसलीसुद्धा. आणि पुढे त्या कादंबरीतलं मूल बुडून मरतं! तिनं पुस्तक मिटलं, ती पुन्हा भिंतीकडे वळली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे. ‘निवांत, हसरी’ म्हणे! अशी गुळमुळीत भाषा मी जन्मात लिहिली नसती. आपल्या दुकानाचा एकच नियम आहे. शेवटचं पान वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, आणि चिठ्ठीच्या पाठीवर शेवटच्या पानाचा आकडा आणि तारीख घालायची. बक्षीस काय, परीक्षक देतात. त्यांना आपल्या गल्लीत कोण आजारी आहे ते माहीत नसतं. आपल्याला असतं, म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. तू अर्धं पुस्तक चाळून चिठ्ठी खरडलीस ना? दोन वर्षांपूर्वी मी मुलाकडे राहायला आले ती दुकान तुझ्या भरवशावर सोडून. असंच चालवायचं असेल तर किल्ली शेजारच्या घड्याळवाल्यांकडे देऊन मोकळी हो. मी दुकान बंद झालेलं बघेन, पण हे बघणार नाही.

लोभ आहेच, पण तूर्त तो माळ्यावर ठेवला आहे.

तुझी,
आत्या

८ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. खोकला गेला. डोकं मात्र तुझं पत्र वाचल्यापासून उठलं आहे.

तू मला न विचारता दोषी ठरवून मोकळी झालीस. कागद हातात घेतेस तेव्हा तुला समोरचं माणूस दिसत नाही, ही तुझी जुनी खोड. आता शांत बस आणि सोबतची चिठ्ठी बघ. अक्षर ओळखीचं वाटतं का? तो ‘ह’ साऱ्या गल्लीत कोण असा शेपूट लांबवून काढतं? ती गुळमुळीत भाषा तुझी आहे, आत्या. एकोणीस वर्षांपूर्वीची. बाईंनी पत्र मला न लिहिता तुला का लिहिलं, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? कोणाची चिठ्ठी ते त्यांनी लिहिलं नाही, कारण त्या सभ्य आहेत.

जाताना तू मला बजावलं होतंस, माझ्या चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही. जुन्या बक्षीसवाल्या कादंबऱ्या पुन्हा मागवल्या की पत्र्याच्या डब्यातली तुझी चिठ्ठी काढायची आणि आत ठेवायची. मी मुकाट्यानं तेच केलं. ही कादंबरी मी वाचली होती, मला शेवट माहीत होता. चिठ्ठी चुकीची वाटली, पण तुझ्यापुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही. बाई घेऊन गेल्या तेव्हा कोणासाठी, हेही मी विचारलं नाही. एवढी चूक माझी, आणि ती मला रोज खाते आहे.

आता चिठ्ठी उलटी कर. आकडा १८८ आहे. कादंबरी २४६ पानांची आहे. आणि तारीख बघ. बाबांना दवाखान्यात नेलं तो दिवस. म्हणजे पाठीवर तू खोटं लिहिलं नव्हतंस, फक्त पाठ कोणी बघितली नाही. मीही नाही.

बाईंनी परत आणून दिलेली प्रत पाठवते आहे. किल्ली माझ्याकडेच आहे. लोभ माळ्यावरून काढ अगर काढू नकोस, दुकान मी नऊला उघडणारच.

तुझी,
भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरी हिस,

अनेक आशीर्वाद. नऊ दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी वाचत होते. आणि स्वतःचा राग येत होता, तो अजून गेलेला नाही.

आता सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी टेबल मांडायचं होतं, बाकी चिठ्ठ्या तयार होत्या, ही एकच राहिली होती. दवाखान्याच्या बाकावर १८८ पानापर्यंत आले आणि नर्सनं हाक मारली. चिठ्ठी बाहेर येऊन तिथेच लिहिली. उरलेलं उद्या वाचून आकडा बदलू म्हटलं. चौथ्या दिवशी तुझे बाबा गेले. त्यानंतर ते पुस्तक दिसलं की मी दुसऱ्या कपाटाकडे वळायचे. एकोणीस वर्षं लोकांना नियम शिकवत राहिले, आणि तुलाही.

बाईंच्या लेकीनं २०३ पानावर निळा दोरा ठेवला आहे. तो मी तिथून हलवला नाही. दोऱ्याच्या पुढची पानं वाचताना मी माझ्या भावासाठी रडले. तो गेला तेव्हा दुकान, तू आणि तुझी शाळा या धांदलीत रडायचं राहूनच गेलं होतं.

बाईंना पत्र टाकलं. चूक माझी, एवढंच लिहिलं. भावाचं कारण लिहिलं नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही तर तो त्यांचा हक्क.

पत्र्याचा डबा रिकामा कर. जे पुस्तक तू वाचलं असशील त्याला तुझी चिठ्ठी, तुझ्या भाषेत. माझ्या चिठ्ठ्यांपैकी फक्त सोबतची ठेव. आणि पुन्हा कधी माझं चुकलं दिसलं तर तेव्हाच भांड. तुझं मागचं पत्र मला आवडलं, हे कोणाला सांगू नकोस.

लोभ माळ्यावरून उतरवला आहे, धूळ तेवढी तू झटक.

तुझी,
आत्या

(सोबतची चिठ्ठी)

पहिली १८८ पानं वाचून मी हिला निवांत म्हटलं होतं. ती निवांत नाही. हिच्यात एक मूल जातं, आणि त्याची आई पुढे जगते. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर आज घेऊ नका. पुढे कधी घ्यावीशी वाटली, तर आधी गल्ल्यावरच्या माझ्या भाचीशी बोला.

(पाठीवर)

पान २४६. १६ मार्च.