गावावरून गेलेली बस

शारजा
४ जून २०२५

चि. ऑड्रीस,
अ. आ. वि. वि.

सिस्टर झालेल्या धाकट्या बहिणीला आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही घे.

जुलैत आम्ही तिघं आल्प्सला येतोय. तुझ्या पॉलिनवहिनीला बर्फापेक्षा तिथली लहान गावं बघायची आहेत, खिडक्यांत फुलं असलेली. आमच्या ग्लेनने टूर शोधली आणि मी तिच्या थांब्यांच्या यादीत तुझं गाव शोधलं. अठरा तारखेला दुपारी बस तुमच्या चर्चसमोर जेवायला थांबते. आई गेली तेव्हा तुला मठातून येता आलं नाही, आणि त्याच्याही आधीपासून आपली भेट नाही. वसईची सुकेळी आणतोय. मदर सुपिरियरला दाखवलीस तर तुला एकही उरणार नाही.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा दादा,
फ्रान्सिस

टिरोल, ऑस्ट्रिया
१९ जून २०२५

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणघरात वाचलं आणि म्हाताऱ्या सिस्टर मला हसण्याचं कारण विचारू लागल्या. सुकेळी आण, भिऊ नकोस, त्यांना दात नाहीत. गवताची कापणी चालली आहे, गावभर तोच वास आहे.

एक गोष्ट आधीच लिहिते, नाहीतर भेटीचा वेळ रडण्यात जाईल. आमचा मठ बंद होतोय. म्हाताऱ्या सिस्टरांना उत्तरेकडच्या मोठ्या घरात नेणार आणि त्यांचं करायला मला पाठवणार. ज्यांना घर आहे त्यांनी परत जायला मदरची हरकत नाही, फक्त जुलै संपायच्या आत सांगायचं. दादा, मी थकले आहे. प्रार्थनेला बसते तेव्हा समोर कुणीच नसतं. हे इथे कुणाला सांगू?

यंदा नोकरी सोडून तुम्ही वसईला कायमचे परतताय, तिथल्या घराची मागची खोली मला मिळेल का? वहिनीला ती भाड्याने द्यायची आहे, मला ठाऊक आहे. तू समोर बसून ये म्हणालास तर येईन. पत्राने कळवू नकोस, पत्रात तू कुणालाच नाही म्हणत नाहीस.

भेटीपर्यंत आठवण असावी.
तुझी ऑड्री

शारजा
२१ जुलै २०२५

चि. ऑड्री,

कुठल्या तोंडाने आशीर्वाद लिहू? आदल्या गावात लोकांना चॉकलेटच्या दुकानांतून निघवेना, उशीर झाला. टूर मॅनेजर माइकवर म्हणाला की यल्ला, चला, पुढचं गाव खिडकीतूनच बघा, जेवण गाडीतच देऊ. ग्लेन मला इंग्रजीत म्हणाला की पपा, सांग ना त्याला. मी उठलो नाही. इतकी वर्षं हमरियाला कामावर कंपनीच्या बसने जातो-येतो. ती थांबेल तिथे उतरायचं, एवढंच अंगवळणी पडलंय. आता सांगतो, आता सांगतो म्हणेपर्यंत गाव मागे गेलं. मी मान वर केली नाही. रात्री फोन केला, तू उचलला नाहीस.

ऑड्री, घरी ये. खोली तुझीच आहे. पॉलिनशी अजून बोललो नाही, पण बोलेन.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
तुझा दादा

टिरोल, ऑस्ट्रिया
३१ जुलै २०२५

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. त्या दिवशी मी चर्चसमोर होते. बेकरीवालीने बसायला खुर्चीही दिली होती. बस हळू झाली तेव्हा तू दिसलास, मान खाली घातलेला. केस बरेच गेलेत तुझे. वहिनीने मला ओळखलं, तिने काचेवर हात ठेवला. मी मात्र बस थांबवायला हात केला नाही. इतकी वर्षं आज्ञेत राहून माझंही तुझ्यासारखंच झालंय, मग तुझ्यावर रागावू कशी?

पण अनोळखी माणसाला गाडी थांबव म्हणणं तुला जमलं नाही, तर घरात माझ्यासाठी रोज बोलणं कसं जमेल? तुला रोज असं मान खाली घातलेलं बघत मी त्या खोलीत राहू शकणार नाही. आज सकाळी मी मदरला उत्तरेला जाते म्हणून सांगितलं. तिथे देव भेटेल असं वाटत नाही. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं तेवढं मला येतं.

खोली भाड्याने देऊन टाका. रिकामी आहे असं कळलं तर मला उत्तरेत झोप लागणार नाही.

वहिनीला नमस्कार, ग्लेनला आशीर्वाद. तुमचा लोभ असेल तेवढा पुरे.
तुझी ऑड्री