रिमोट नमिताला, प्लेअर हरेशला

हरेश, उलव्याला राहायला गेल्यापासून तुझी कंबर कशी आहे? नमिता, तुझी शुगर? प्रसादराव, दाढ काढलीत की अजून मिरवताय? मनस्वी, चष्म्याचा नंबर वाढला का गं? माझं विचाराल तर हे लिहिण्यापुरता ठणठणीत आहे.

मी, शिवा पदू मढवी, वय ७६, महाप्याच्या कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार जुईनगर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र करतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सोसायटीच्या कमिटीचं मत वेगळं आहे, ते जोडलेलं नाही.

१. जुईनगरचा फ्लॅट मुलगा हरेश आणि मुलगी नमिता यांना निम्मा-निम्मा. खोल्या दोन आहेत, अबोला धरायला पुरतील.

२. बँकेतली ठेव हरेशची मुलगी मनस्वी हिच्या शिक्षणाला. हत्यारांची पेटी जावई प्रसादराव यांना. त्यातला दहा नंबरचा पाना हरेशने नेलाय, तो त्याने आणून ठेवावा.

३. नमिताच्या लग्नाची डीव्हीडी. हिच्यासाठीच एवढा कागद खराब करतोय. माझी दिवंगत पत्नी सरस्वती त्यात धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाते, पाहुण्यांना दटावते, सगळं आपल्या बोलीत. मनस्वीला ती कळेना. “आजी काय म्हणते?” असं मिनिटामिनिटाला विचारायची. म्हणून मी तीन महिने डोकं फोडून सबटायटल घालायला शिकलो. पहिल्या खेपेला अक्षरं चित्रातच पक्की बसवली, ती नेमकी सरस्वतीच्या हनुवटीवर आली. जन्मात तिला दाढी नव्हती, ती मी दिली. मग रिमोटने लावता-काढता येतील अशी केली. एक नंबरला तिचं बोलणं, साध्या मराठीत. दोन नंबरला माझी मतं, माझ्या एकट्याच्या करमणुकीला.

४. कबुली. उलव्याच्या वास्तुशांतीला हरेशने ती डीव्हीडी पाहुण्यांसमोर लावली. दोन नंबर बंद ठेवायची खूण करायला मी विसरलो होतो, ते आपसूक सुरू झालं. नवरदेव मांडवात शिरले आणि खाली अक्षरं आली : ‘कोट उसना, ऐट स्वतःची.’ सगळे हसले. नमिता म्हणाली, “दादा, बंद कर.” हरेश म्हणाला, “र्‍हाऊ दे गो, खोटं काय हाय?” प्रसादराव भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून दोन वर्षं बहीण-भाऊ बोलत नाहीत. माझ्याशी मात्र दोघंही गोड बोलतात. म्हातार्‍याला दोष कोण देणार? पण दोष म्हातार्‍याचाच आहे.

५. नवी डीव्हीडी केली आहे. त्यात दोन नंबर नाही, माझी मतं संपली. एक नंबरही आता आपसूक सुरू होत नाही, रिमोटनेच लागतो. डीव्हीडी आणि प्लेअर हरेशला. रिमोट नमिताला. प्लेअरवर बटणं दोनच, चालू आणि बंद. सरस्वतीचं बोलणं मनस्वीला वाचायचं असेल तर रिमोटला उलव्याला जावं लागेल, रिमोटवालीसकट. हरेशने बाजारातून दुसरा रिमोट आणल्यास कलम १ मधला त्याचा हिस्सा बाद.

६. पाठवणीच्या वेळी सरस्वती जावयाला बजावते : “माजे पोरीला रडवलास त येऊन कान पिलीन.” वीस वर्षांत त्यांनी रडवलं नाही. रडवलं मी, त्या एका ओळीने. सबब माझा डावा कान नमिताला. ही मिळकत मरणोत्तर मिळणार नाही, हयातीतच पिळून घ्यावी. उजव्याला हात लावू नये, त्यात मशीन आहे.

साक्षीदार : चंद्रशेखर (शेजारी) आणि वैजयंती (सोसायटीच्या सेक्रेटरी). दोघांनी कान पाहिला असून तो वर्णनाप्रमाणे जागेवर आहे.

सही : शिवा पदू मढवी
जुईनगर, नवी मुंबई
१२ जानेवारी २०२५

ता. क. वकील म्हणाले, मृत्युपत्र आधी कुणाला दाखवत नाहीत. तरी दोन्ही घरी प्रत पाठवतोय, मेल्यावर तुमचं उत्तर मी वाचणार कसा? लवकर लिहा. फोन नको, फोनवर तुम्ही गोड बोलता. नमिता, प्रसादरावांना घेऊन कुठल्या रविवारी येतेस तेवढं कळव. हरेशला त्याच दिवशी पाना घेऊन बोलावतो.