झिपरूची काठी

देवपूर, धुळे
१८ जानेवारी २०२५

प्रिय रूपावहिनींना,

भूमिकाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे थंडीने आखडतात. तुमच्या बाबांचा खोकला कमी झाला का? रावेरलाही चांगलाच गारठा असेल.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "ह्यांचा रिपोर्ट आला का?" आणि मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. फोनवर मी समोरच्याला बरं वाटेल ते बोलून बसते, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी नवलदादाचं सांगते. तुम्ही माहेरी गेलात तेव्हापेक्षा तो बराच शांत आहे. गोळ्या घेतो, सकाळी माझ्यासोबत पांझरेच्या पुलापर्यंत येतो. आवाज येतात, पण कमी. परवा म्हणाला, "आज एकच जण बोलतोय, आणि तोही बोअर करतोय."

ती तपासणी कशासाठी होती, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. रोगांपासून आपल्याला जपणारी शरीरातली शक्ती क्वचित आपल्याच मेंदूला परकं समजून त्याच्यावर तुटून पडते. मग लक्षणं दादासारखीच दिसू शकतात, पण उपचार वेगळे असतात आणि बरेच जण त्यातून बरे होतात. डॉक्टर म्हणाले, "राखणदारानेच मालकाला चोर समजावं, तसं."

दादा एकदम ओरडला, "झिपरू!" आणि हसत सुटला. डॉक्टरांना वाटलं, आवाजांशीच बोलतोय. मग मला सगळं सांगावं लागलं. नवा जावई पहाटे सासऱ्यांच्या मळ्यात फिरायला गेला आणि तुमच्या राखणदाराने, झिपरूमामाने, काठी घेऊन त्याला केळीतून कसा पळवला. "अहो, मी जावई!" "सगळे चोर हेच सांगतात!" डॉक्टरही हसले. तुम्ही तिथे असायला हव्या होतात.

रिपोर्ट येईपर्यंत मी देवाजवळ एकच मागत होते, की दादाच्या रक्तात त्या हल्ल्याची खूण सापडू दे. सख्ख्या भावासाठी असं मागावं का, माहीत नाही. पण तुम्ही म्हणाला होतात, बरा होणारा आजार निघाला तर बाबांना घटस्फोटासाठी फैजपूरच्या वकिलाकडे जाऊ देणार नाही.

सापडलं नाही, वहिनी. रक्तात नाही, पाठीतून काढलेल्या पाण्यातही नाही. दादाला स्किझोफ्रेनियाच आहे. मी विचारलं, "मग झिपरूचा काहीच संबंध नाही?" डॉक्टर म्हणाले, या आजारातही त्या शक्तीचा हात असावा असा संशय आहे, संशोधन चालू आहे, पण खात्रीने आज कुणी सांगू शकत नाही. गोळ्या मात्र बहुधा बरीच वर्षं घ्याव्या लागतील.

आणखी एक. वकिलाला ते उपयोगी पडेल, तरी सांगते. दादाने डॉक्टरांना सांगितलं, की आवाज लग्नाच्या आधीपासून येत होते. भीतीने तो कुणाला बोलला नव्हता, आम्हालाही नाही. म्हणजे आई चार बायकांसमोर तुम्हाला म्हणाली ना, "ती उनी नि संगे बाहेरनं लई उनी," ते खोटं होतं. तुम्ही येताना बाहेरची बाधा वगैरे काहीच आणली नव्हती.

मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला. तव्यावरची करपली तरी तिला कळलं नाही. मग म्हणाली, "मंग घरमा झिपरू मीच शे." तुमच्या खोलीच्या दारावर तिने बांधलेलं लिंबू आता नाही. तुम्हाला फोन लावून देते म्हटलं, तर मान हलवून आत गेली. तिचं असंच आहे.

तुम्ही या, म्हणून हे लिहिलेलं नाही. येऊ नका, असंही नाही. जे ठरवाल ते खरं माहीत असताना ठरवा. दादा मधूनमधून विचारतो, "झिपरूमामा कसा आहे?" त्याला कुणाचं विचारायचं असतं, ते मला कळतं. तुम्हालाही कळेल.

कागदावर काहीही ठरलं तरी तुमचीच,
भूमिका