कावळ्याले दिलेला शब्द

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

भाग एकतीस संपला. शेवट नाई! जहाज अजून तिथंच, काळ्या आभाळात. घर कुठं आहे कोणाले ठाऊक नाई. चारशे पानं वाचून मीबी तिथंच.

मागच्या पानावर छापलं आहे — 'जिवंत आहे तोवर लिहीन.' लेखक शहात्तर वर्षांचा आहे म्हणे, तिकडं परदेशात, अन् मराठीत आणणारेबी थकून नाई राहिले. अरे बापा, अन् आमी?

५ सप्टेंबर

उद्या विसर्जन. हार ओवून ओवून बोटं फुटली. वाचन नाई. चार वाजता कावळा टिनावर आला. वाट पाहून उडाला.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. आता पंधरा दिवस फुलं कोण घेते! म्हणून सगळं लिहून ठेवते. नाईतर मी मेल्यावर लोक म्हणतील, शकुन चांद-ताऱ्यांच्या पुस्तकापायी येडी झाली.

तीन वर्षं झाली. कौंडण्यपूरले, वर्धेच्या काठावर, यायचा, माह्या मालकाचा, दहावा होता. पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली येईना. रेती चटके देऊन राहिली. देवानंद, माहा दीर, हात जोडून म्हणाला, "दादा, घराची काळजी करू नको." नाई. यायचे दोस्त नत्थुजी म्हणाले, "शेषराव, वयनीले आमी पाहू ना." नाई. दीड तास! मंग सगळे माह्याकडं पाहायले लागले. बायकोले माहीत असते ना, माणसाचा जीव कशात अडकला ते.

मी म्हटलं, "तुमचं ते जहाजाचं पुस्तक वाचून दाखवीन तुमाले. शेवटच्या भागापर्यंत!" अन् कावळा झपकन खाली. शिवला!

हे तवा एकविसाव्या भागावर होते. मले वाटलं, राहिले असतील दोन-तीन. कोणाले माहीत होतं, हे संपतच नाई म्हणून!

तवापासून रोज चार वाजता फोटोसमोर बसून मोठ्यानं वाचते. आधी तर माणूस कोणता अन् यंत्र कोणतं, तेच समजत नव्हतं. कावळा टिनावर येऊन बसतेच. शब्द दिला आहे. पुस्तक संपेपर्यंत यायची सुटका नाई, अन् माहीबी नाई. कधी पान उलटताना मागून खोकल्याचा आवाज येते. यायचाच. मी मागं पाहत नाई. भेव वाटते.

९ सप्टेंबर

पार्सल आलं. भाग बत्तीस. वर नाव यायचंच — मेलेल्या माणसाच्या नावानं! पाठवणाऱ्याचं नाव नाई. अकोल्याचा शिक्का. अक्षर मी ओळखते. पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं.

रागिणी. माही एकुलती एक पोरगी. दहावीत होती तवापासून बापलेक हे पुस्तक वाचत. पुढचा भाग तिनं आणायचा, अन् आधी कोण वाचते यावरून दोघांनी भांडायचं. पाच वर्षांआधी साजिदसंग लग्न करून अकोल्याले गेली. पोरगा वाईट नाई, पुस्तकाच्या बांधणीचं दुकान आहे त्याचं. पण आपल्यातला नाई ना! मी म्हटलं, या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाई. हे म्हणत, "बोलाव ना तिले घरी, शकुन." शेवटी शेवटी तर रोज म्हणत. मी ऐकलं नाई. दहाव्यालेबी बोलावलं नाई तिले.

पार्सल घेते मी. पोचलं म्हणून कळवत नाई.

११ सप्टेंबर

कप्तानाची पोरगी जहाजाबाहेर अडकली. दार आतून बंद. कप्तान म्हणते, हुकूम म्हणजे हुकूम, उघडायचं नाई. पोरगी बाहेरून ठोकून राहिली. अन् म्हणे तिथं हवाच नाई, तर आवाज आत येत नाई.

मी ओरडली, "अरे मुडद्या, उघड ना दार!"

शेजारची पार्बताबाई धावत आली. "काय झालं वो माय?" म्हटलं, काई नाई, टीव्ही चालू होता. टीव्ही तर बंद!

पुस्तक मिटलं. आज फोटोकडं पाहवलं नाई.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

यायची तिथ. वडे, भाजी, खीर, सगळं यायच्या आवडीचं केलं. पान टिनावर ठेवलं. रोजचा कावळा समोरच बसला, पण तोंड लावेना. भात वाळून गेला. देवानंद उपाशी ताटकळला होता. त्यानं खिशातून शेवेची पुडी काढली.

"थांबा वयनी, मी आणतो त्याले खाली. कौंडण्यपूरलेबी मीच आणला होता."

"म्हणजे?"

हसला तो. "तुमी तिकडं पुस्तकाचं बोलल्या न, अन् मी इकडून पिंडावर शेव फेकली. ऊन लय होतं हो. सगळे भुकेजले होते."

"तीन वर्षं! तुले सांगावं नाई वाटलं?"

"तुमी वाचत बसल्या. म्हटलं, बरं आहे, जीव रमते."

पुडी फोडायले लागला तर मी त्याचा हात धरला. शेव टाकू देली नाई. पान तसंच राहिलं संध्याकाळपर्यंत. देवानंद जेवून खाली मान घालून गेला.

१३ सप्टेंबर

म्हणजे माहा शब्द कोणी घेतलाच नव्हता. दहा भाग वाचले मी! सुटली म्हणून हसू यावं, तर रडूच आलं.

मंग यायचा जीव कशात अडकला होता? कशाले विचारते मी! मले तवाच माहीत होतं. त्या रेतीत उभं राहून एक नाव तोंडापर्यंत आलं होतं. मी गिळलं. अन् पुस्तकाचं बोलली. पुस्तक सोपं होतं.

आज चार वाजता वाचलं नाई. कावळा आला होता.

१४ सप्टेंबर, रविवार

अकोल्याच्या गाडीत लिहून राहिली. भाग बत्तीस पिशवीत आहे. सकाळी टिनावर पान ठेवलं अन् म्हटलं, "रागिणीले घरी आणते." कावळा शिवला की नाई, पाहायले थांबली नाई. गाडी चुकली असती.